लाल गाडीचा गिअरबॉक्स

सुदेश गेल्यावर महिन्याभराने त्याने मागवलेले गिअर आले.

कुरिअरवाला गॅरेजच्या दारात पेटी टेकवून म्हणाला, "सुदेश मेस्त्री खंय आसत?" किशोरी तेव्हा एका जीपच्या पोटाखाली आडवी होती. तिथूनच ती म्हणाली, "ते नाय आसत. रवा, मी घेतंय." बाहेर येऊन तिने चिंधीला हात पुसले आणि त्याच्या मोबाइलच्या काचेवर बोटाने आपलं नाव गिरवलं. नातं काय, असं त्याने विचारलं. "बहीण," ती म्हणाली. पेटी आकाराच्या मानाने चांगलीच जड होती. तिने ती कामाच्या टेबलावर ठेवली आणि परत जीपखाली शिरली. अर्धवट सैल केलेला बोल्ट तिने सोडवला, मग त्याच्या शेजारचा. पेटीत काय आहे ते तिला ठाऊक होतं. त्यावरूनच तर ती आणि सुदेश श्रावणाच्या तोंडावर भांडले होते.

कसालच्या बाजारातून मालवणकडे रस्ता फुटतो, त्याच्या अलीकडे, महामार्गाला लागून किशोरी-सुदेशच्या वडिलांचं, भाई मेस्त्रींचं गॅरेज आहे. रस्ता चौपदरी झाला तेव्हा पुढची अर्धी शेड गेली. उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये आता तीन गाड्या कशाबशा मावतात. भाईंची बायको लवकर वारली. शाळा सुटल्यावर मुलांकडे बघायला घरी कोणी नाही, म्हणून ते दोघांना गॅरेजवर आणत. फाटक्या सीटवर बसून किशोरी गृहपाठ करी. गिअर जागच्या जागी धरून ठेवायला गिअरबॉक्सच्या डब्यात एक छोटी पोलादी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. ती अरुंद भोकातून काढायची वेळ आली की भाईंच्या जाड बोटांचा इलाज चालत नसे. मग ते हाक मारत, "किशोरी, तुझी बोटां दी गो जरा." अशी बोटं देता देता तिला गिअरबॉक्स कळू लागला. पुढे ती कुडाळला जाऊन बी.कॉम. झाली, हिशेब बघायला म्हणून गॅरेजवर बसली, आणि वर्षाच्या आत खुर्ची सोडून गाड्यांखालच्या खड्ड्यात उतरली.

चाळिशी आली तरी तिचं लग्न झालं नाही. स्थळं आली होती. बोलणी झाली, मोडली. त्यामागे काही मोठी कथा नाही. देवगडपासून बांद्यापर्यंत ज्याच्या गाडीचा गिअर अडतो तो कसालला येतो, एवढं मात्र खरं. चालू इंजिनच्या डब्याला ती लांब स्क्रूड्रायव्हर टेकवते आणि त्याची मूठ कानाला लावते. थोडा वेळ ऐकते आणि सांगते, की पुढचं बेअरिंग गेलंय. कधी चुकतेही. मग सरळ सांगते, "माझा ऐकणा चुकला."

सुदेश तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. तो इंजिनवाला. बहिणीने डबा उघडावा आणि भावाने इंजिन, अशी त्यांची वाटणीच होती. सुदेशला बडबडीची सवय. हातात पाना आणि तोंडात गोष्ट, दोन्ही एकदम चालू. देवगडच्या सड्यावरच्या, कातळमाळावरच्या, एका बागायतदाराची मुलगी, संचिता, क्लच जळालेला आंब्याचा पिकअप घेऊन एकदा गॅरेजवर आली. क्लच कसा जाळू नये हे सुदेशने तिला दुपारभर समजावलं. शेवटी ती म्हणाली, "माका म्हायत आसा. माझ्या भावान जाळल्यान, मी नाय." पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. संचिता कातळावरच्या वाटांवर पिकअप चालवत मोठी झालेली. गाडी आडवी गेली तरी घाबरायची नाही. सड्यावर गावातल्या मंडळाच्या पोरांनी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती सुरू केल्या तशी ती त्यांत उतरू लागली. तिच्यासाठी सुदेशने एका निवृत्त गुरुजींची जुनी लाल हॅचबॅक घेतली.

गाडी छोटी, इंजिन हजार सीसीचं. सुदेशने ते पुरतं उघडलं, आतले दट्टे बदलले, आणि एका मोडीतल्या डिझेल गाडीचा टर्बो त्याला बसवला. इंजिनचा जोर जवळजवळ दुप्पट झाला. पहिल्याच सरावात तिसऱ्या गिअरचे दात गेले. दुसरा डबा बसवला, तोही तिसऱ्यातच गेला. तिसरा डबा त्यांनी जपून चालवला, तर तो गणपतीपर्यंत पोचतो म्हणता म्हणता मे महिन्यातच गेला.

तेव्हापासून भांडण. सुदेशचं म्हणणं, डबा मूळचाच ठेवायचा, आतले गिअर तेवढे भारी करून घ्यायचे. कोइमतूरला शर्यतीच्या गाड्यांसाठी सरळ दातांचे गिअर बनवून देतात. आवाज करतात, पण तुटत नाहीत. गाडी हलकी राहते, नाक हलकं राहतं, वळणात वळते. किशोरीचं म्हणणं, मोठ्या डिझेल हॅचबॅकचा डबा बसवायचा. तो मुळातच दुप्पट जोरासाठी ओतलेला असतो. शाफ्ट जाड, बेअरिंग मोठी.

"गो आक्का, तो डबो नाय, वरवंटो आसा," सुदेश म्हणे. "गाडीच्या सांगाड्याची डाव्या बाजूची पट्टी कापूची लागतली. आणि डिझेलचे गिअर लांब. गाडी झटकन उठतलीच नाय."

"उठात. टर्बो कित्याक घातलंस मगे?"

"वळणार बाहेर जातली."

"जाऊ दी. दात तरी तोंडात रवतले."

"कोइमतूरच्या गिअरांचे दात जाऊचे नाय."

"दात पोलादाचे केलंस तरी जबडो तोच आसा मरे," किशोरी म्हणे. तिचा मुद्दा असा होता, की जोर आला की डब्याची पातळ भिंत ताणते. दोन शाफ्ट एकमेकांपासून केसभर दूर सरकतात. मग दात टोकाटोकाला लागतात, आणि टोकाला लागलेला दात कितीही चांगला असला तरी जातो.

असं ते जेवतानाही भांडत. संचिता दोघांना आमटी वाढत म्हणे, "तुमी ठरवा, मी चलवतंय." शेवटी बहिणीला न विचारता सुदेशने गिअर मागवून टाकले, आणि मागवल्यावर सांगितलं. किशोरीने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सोडला. तो अबोला काही तिच्या मनाला लागून राहिला नाही. अशा अबोल्यांवरच ती दोघं वाढली होती.

श्रावणात एका शेजाऱ्याचा पॉवर टिलर शेतात बंद पडला. सुदेश पोटरीएवढ्या पाण्यात उभा राहून तो दुरुस्त करत होता. पायाला कुठे खरचटलेलं असणार. आठवड्याने ताप आला, अंग मोडून आलं, डोळे पिवळे झाले. लेप्टो, शेतातल्या पाण्यातून होणारा ताप, डॉक्टर म्हणाले. गोव्याला हलवलं. चार-पाच दिवसांत सगळं संपलं. तो चौतीस वर्षांचा होता.

किशोरी रडली नाही. तिने हॉस्पिटलचे कागद केले, अॅम्ब्युलन्सवाल्याला घरचा रस्ता सांगितला, भटजींना फोन लावला. लोक घरात भरले तेव्हा ती चहा किती लागेल हे विचारत होती. शेजारच्या काशीबाई कोणाला तरी म्हणाल्या, "थोरल्या चेडवाचा कसा बघ. डोळ्यांत पाणी नाय." किशोरीने ते ऐकलं. ऐकून काही वाटलं नाही. कार्य उरकल्यावर तिने गॅरेज उघडलं. अन्नाला चव नव्हती, पण ती जेवत होती. झोप लागत होती. सकाळी उठलं की अंगावर पत्रा टाकल्यासारखं वाटे, एवढंच. त्या पत्र्यावर जे पडेल त्याचा आवाज होई, आत काही पोचत नसे. भाईंचं उलट. त्यांचे हात आधीच थरथरत, आता वाचाच गेल्यासारखे ते गॅरेजच्या दारातल्या खुर्चीत बसून राहत. जेवायला हाक मारली की उठत, एवढंच.

तर ती पेटी.

ती उघडली संचिताने. संध्याकाळी ती गॅरेजवर आली, पेटीवरचं नाव वाचलं, आणि स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेले गिअर होते. चांदीसारखे नव्हे, काळपट निळसर. पण दातांच्या कडा अशा साफ, की त्यावरून बोट फिरवावंसं वाटे. संचिताने एकेक काढून टेबलावर मांडला. मांडताना ती रडत होती, आणि रडता रडता गिअर लहान-मोठे लावत होती.

"आक्का, फुडच्या महिन्यात घालशात मां ते?" ती म्हणाली. "जानेवारीत सड्यार शर्यत आसा. मी उतरतलंय. त्याच्या गिअरार."

किशोरी म्हणाली, "बघतंय."

तिने खरंच बघितलं. जीपचं काम हातावेगळं करून तिने मूळचे तिन्ही डबे, मोडलेले, कोपऱ्यातून ओढून काढले. एकेक रिकामा केला, धुतला, वाळवला. मग भाईंनी शिकवलेली जुनी रीत: डब्याला रॉकेल चोळायचं, पुसून कोरडा करायचा, वर खडूची पूड मारायची आणि थांबायचं. जिथे चीर असेल तिथलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. पहिल्या डब्याला बेअरिंगच्या घराशेजारी केसासारखी रेघ उमटली. दुसऱ्याला तिथेच. तिसऱ्याला तिथेच, जरा लांब.

ती तिन्हींसमोर बसून राहिली. एरवी हे दिसल्यावर तिने मोठ्याने हाक मारली असती, "सुदेश, ये हंयसर, बघ मेल्या!" आणि तो आला असता, डोळे बारीक करून त्याने काहीतरी खुसपट काढलं असतं. मोडीतले डबे म्हणून चिरले, नवा डबा घेऊया, बाहेरून पट्टी मारूया. मग तिने पट्टी का चालणार नाही ते सांगितलं असतं. आता तिचं म्हणणं खरं होतं, आणि ते ऐकायला समोर कोणी नव्हतं. जिंकल्याचं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. तिने खडू झटकला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने संचिताला सांगितलं, "हे गिअर घालूचे नाय. डिझेलचो डबो बसवतंय."

संचिताने टेबलावरचे गिअर एका ओळीत सरळ केले. मग म्हणाली, "त्याणा शेवटचा मागवलेला आसा ह्या."

"होय."

"तुमची तेवाही जिद्द, आताही जिद्द. तो नाय तरी?"

"जिद्द नाय. डबो चिरता. बघ, तिनय बघ." किशोरीने पांढऱ्यावरच्या रेघा दाखवल्या. संचिताने तिकडे पाहिलं नाही. ती भाईंकडे वळली. "भाई, तुमी सांगा."

भाई खुर्चीतून उठले. टेबलापर्यंत यायला त्यांना वेळ लागला. थरथरत्या हाताने त्यांनी एक गिअर उचलला, दुसऱ्या हाताच्या आधाराने डोळ्यांजवळ धरला, खाली ठेवला. महिन्याहून जास्त काळ न उघडलेलं तोंड उघडलं ते घसा खरवडत.

"माझ्या झिलान मागवलेले आसत ते," ते म्हणाले. "ते घाल."

"भाई, तुमीच शिकवलास माका. डबो नाय धरूचो."

"नाय धरूदे!" भाई ओरडले. रस्त्यावरचा एक माणूस वळून बघू लागला. "तुटांदे! एक दिवस चलांदे आणि तुटांदे! तुका काळीज आसा काय नाय गो?"

किशोरीने जरा विचार केला. प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यावं, तसा. "माका ठावक नाय, भाई," ती म्हणाली. "पण तुटलो तर चालत्या गाडीत तुटतलो. तिसऱ्या गिअरात. आत ही आसतली."

तिने संचिताकडे बोट दाखवलं. भाई टेबलाला धरून उभे राहिले. मग खुर्चीत जाऊन बसले. संचिताने गिअर कागदात गुंडाळून पेटीत भरले आणि दुसऱ्या सकाळी ती देवगडला माहेरी गेली. जाताना किशोरीला म्हणाली, "येतंय." एवढंच. परत येणार का, हे किशोरीने विचारलं नाही.

त्यानंतर किशोरी कामाला लागली, कारण दुसरं काही करायचं सुचत नव्हतं. कोल्हापूरच्या मोडबाजारात जाऊन तिने अपघातात मागून चेपलेल्या डिझेल हॅचबॅकचा डबा शोधला. तो उचलला तेव्हा तिला सुदेशचा वरवंटा आठवला. खरंच जड होता. गाडीत घालायच्या आधी तिने तो पूर्ण उघडला. गिअर चांगले होते. पाचव्याचं पितळी कडं झिजलेलं, ते बदललं. डिझेलचे गिअर लांब, हा सुदेशचा मुद्दा तिने मनात घोळवला. डिझेल इंजिन कमी फिरतं, म्हणून त्याचा डबा एकेक गिअर लांबवतो; सड्यावरच्या आखूड वळणांना ते कामाचं नाही. त्याच कंपनीच्या पेट्रोल गाडीचा डबा याच घराण्यातला असतो. त्याचा शेवटचा शाफ्ट आणि मोठं चाक या डब्यात बसतं का, हे तिने मोजून पाहिलं. बसत होतं. त्याने सगळे गिअर आखूड होतात, म्हणून तेही तिने मागवलं. आता गाडी उठणार होती.

उरला सांधा. या इंजिनची भोकं आणि त्या डब्याची भोकं जुळत नाहीत. मध्ये एक जाड अॅल्युमिनियमची पाटी लागते. त्यासाठी ती कणकवलीला गुरुदासकडे गेली. गुरुदास लेथवाला, सुदेशचा वर्गमित्र. तो तिला बघून मशीन बंद करून उभा राहिला. मग किशोरीने पुठ्ठ्यावर काढलेला आकार टेबलावर पसरला.

"मधलो गाळो, शाफ्ट जाता तो, बरोबर मधी येऊक व्हयो," ती म्हणाली. "केसभर सरकलो तर पुढचा बेअरिंग खाऊन टाकतलो."

"मापाचा डायल लावून करतंय," गुरुदास म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तो माका फोन करून सांगी हुतो, आक्का वरवंटो घालूक बघता म्हणान."

"आणि?"

"म्हणी हुतो, घातलोच तर पाटी तूच कर. दुसऱ्याक करूक देऊ नको."

किशोरीने मान हलवली. पुठ्ठ्याची एक कड उचलली होती ती तिने बोटाने दाबली. "कधी गावतली?" ती म्हणाली.

पाटी आली, चांगली आली. डाव्या बाजूची पट्टी कापावी लागली, सुदेश म्हणाला होता तशीच. ती कापून, आतून नवी जाड पट्टी वेल्ड करून, किशोरीने डबा चढवला. तो चढवायला दोन माणसं लागतात. एकाने खालून जॅकवर तोलायचा, दुसऱ्याने वरून शाफ्टचे दात क्लचमध्ये जुळवायचे. ती एकटी होती. दोनदा खाली उतरवला, दोनदा परत चढवला. तिसऱ्या वेळी डबा मध्येच अडला आणि ती घामाने भिजून खाली पडून राहिली. तेव्हा वरून कोणाचे तरी हात बॉनेटमध्ये आले. थरथरणारे, जाड बोटांचे.

"चाक फिरव," भाई म्हणाले.

तिने चाक फिरवलं. शाफ्ट जरासा वळला. "आजून," भाई म्हणाले. मग खट्ट आवाज झाला आणि डबा आत बसला. भाईंनी वरचा एक बोल्ट हाताने लावला. आटे जुळायला त्यांना फार वेळ लागला, पण किशोरीने घाई केली नाही. लावून झाल्यावर ते म्हणाले, "जड पडतलो हो."

"पडात."

"वळणार बाहेर जातली गाडी."

"जाईत थोडी. पुढचे स्प्रिंग बदलतंय."

"स्प्रिंगान काय होवचा नाय," भाई म्हणाले आणि खुर्चीकडे निघाले. पण खुर्चीत न बसता परत आले. का होणार नाही ते सांगू लागले. चुकीचं सांगत होते. किशोरी तसं म्हणाली. जेवायची वेळ टळून गेली तरी दोघं त्यावर हुज्जत घालत राहिली. भाई तिला शिव्या देत होते. किशोरीच्या लक्षात आलं की तिला भूक लागलीय.

डिसेंबरात तिने देवगडला फोन लावला. "गाडी तयार आसा," ती म्हणाली. "चलवतलंस?"

पलीकडे कुत्रं भुंकलं, दार लोटल्याचा आवाज आला. मग संचिता म्हणाली, "रविवारी सड्यार घेऊन येवा."

गुरुदासने टेम्पोवर घालून गाडी नेली. सडा म्हणजे काळा-तांबडा कातळ, वाळलेलं गवत, आणि लांब खाली आंब्याच्या बागांची गडद रांग. संचिताने हेल्मेट घातलं, किशोरीकडे न बघता आत बसली. पहिली फेरी सावकाश. दुसऱ्या फेरीत तिने पाय दाबला आणि टर्बोची शिट्टी सड्यावरून ऐकू आली. तिसरा गिअर पडला तेव्हा किशोरीने मान जराशी कलती केली. ती फक्त ऐकत होती. डबा खाली घुमत होता, एकसारखा, कुठे किरकिर नाही. लांबच्या वळणावर मात्र गाडीचं नाक बाहेर सरकलं आणि पुढची चाकं धुरळा फेकत गवतात गेली.

संचिता परत आली, इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं.

"जड लागता," ती म्हणाली. "नाक वळणा नाय."

"होय. सुदेश म्हणालेलो."

"पण जोर काय आसा, आक्का," संचिता म्हणाली, आणि एकदम स्टिअरिंगवर डोकं टेकून रडू लागली. "एवढो जोर केल्यान होतो त्याणा. माका कधी पुरो वापरूकच गावलो नाय. दरवेळी डबो जाई."

किशोरी दारापाशी उभी होती. अशा वेळी माणसं काय करतात हे तिला माहीत होतं; तिने हात पुढे केला आणि संचिताच्या पाठीवर ठेवला. रडणं थांबेपर्यंत तो तिथेच राहू दिला. स्वतःच्या आत काही हलतंय का, हे ती बघत होती. टायरच्या खाचेत एक खडा अडकला होता, तेवढा तिला दिसत होता.

जानेवारीतल्या शर्यतीत संचिता चौथी आली. पहिले तिघे हलक्या गाड्यांचे होते. वळणांत त्यांनी तिला मागे टाकलं आणि सरळ पट्टीवर तिने त्यांना जवळजवळ गाठलं. मंडळाच्या पोरांनी ढोल वाजवले. भाई टेम्पोच्या केबिनमध्ये बसून बघत होते; त्यांचं म्हणणं पडलं, की पुढचे स्प्रिंग चुकले, मी सांगितलं होतं. शर्यतीनंतर संचिताही कसालला आली; तिथे किशोरीने डब्यातलं तेल काढलं. तळाच्या बोल्टला लोहचुंबक असतो. डब्यात काही तुटत असेल तर त्याचे तुकडे त्याला चिकटतात. बोल्टवर नेहमीच्या झिजेचा राखाडी मऊ लेप होता, बोटाने पुसला जाण्याएवढा. कणभरही तुकडा नाही. तिने संचिताला बोलावून तो दाखवला. संचिताने स्वतःच्या बोटाने तो लेप पुसून बघितला.

"म्हणजे बरा आसा?"

"बरा आसा."

कोइमतूरचे गिअर संचिताने बेळगावच्या एका मुलीला दिले. तिची गाडी तसलीच, पण इंजिन साधं, टर्बो नाही. तिच्या डब्याची भिंत ताणणार नव्हती. देताना संचिताने भाईंना विचारलं. भाई म्हणाले, "दात बरे आसत ते. चलांदे खंय तरी."

संचिता माहेरी परत गेली नाही. फेब्रुवारीत आंब्याचे पिकअप बिघडायला लागतात. ओझं जास्त, घाटांचे चढ, दुसरा गिअर घसरतो. गॅरेजवर हातांची गरज होती. ती आधी चहा आणायची, मग भाग धुवायची, मग एक दिवस खड्ड्यात उतरली. दुसऱ्याच कामात तिने शाफ्टवरचं एक कडं उलटं बसवलं आणि सगळं परत उघडावं लागलं. किशोरी तिला बोलली, तीही उलट बोलली. भाई खुर्चीतून दोघींना बोलले. लोक विचारत, आता कसं चाललंय. किशोरी म्हणे, "चल्लासा." ते खोटं नव्हतं. पत्रा अजून होता. कधीकधी त्याची एखादी कड उचले, कधीकधी दिवसचे दिवस काहीच नाही.

मे महिन्यात तिला एका जुन्या जीपच्या बेअरिंगसाठी मडगावला जायचं होतं. जीपवाला नांदगावचा, त्याच्याकडे डबा उघडून, जुनी बेअरिंग नमुन्याला पिशवीत घालून ती तिथल्याच स्टेशनवर गाडीची वाट बघत बसली. गाडीला उशीर होता. बाकावर शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली, मुलीकडे गोव्याला निघालेली. सीता म्हणतत माका, असं तिने आपणहून सांगितलं. पिशवीतून तिने ओल्या काजूगरांची पुडी काढली, किशोरीपुढे धरली आणि चौकशी सुरू केली. गाव कुठलं. घरात कोण कोण. बापूस काय करतो. लग्न का नाही केलं. किशोरी एकेक सांगत गेली.

"भावंडां किती तुमी?" म्हातारीने विचारलं.

"दोघां," किशोरी म्हणाली. "माझ्या पाठीर भाव."

"तो खंय आसता?"

किशोरीने तोंड उघडलं. गेला, एवढाच शब्द होता. सगळ्या ऑफिसांत, सगळ्या फोनवर तिने तो सांगितला होता. आता तो येईना. हातातला काजूगर तिने घट्ट धरून ठेवला आणि रुळांकडे बघत बसली. डोळे भरले, नाक वाहू लागलं, आणि खांदे असे हलू लागले की बाक हलायला लागला.

म्हातारीने पुडी बाजूला ठेवली आणि पदराने आपलाच चष्मा पुसत ती शेजारी बसून राहिली. लाउडस्पीकरवर गाडी येत असल्याचं सांगितलं तेव्हा तिने किशोरीची पिशवी उचलायचा प्रयत्न केला.

"अगो, काय भरलंस हेच्यात?"

"लोखंड," किशोरी नाक पुसत म्हणाली. "सोडा, मी घेतंय."